ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल : या चुका टाळा

मिरग लागून सरदीच्या (पावसाळी भाताच्या) शेतांत चिखलणी सुरू झाली, की ट्रॅक्टरची लिफ्ट अडखळत उचलते, रोटाव्हेटर वर टिकत नाही किंवा पंपाकडून घरघर ऐकू येते, अशा तक्रारी कानावर येऊ लागतात. अशा वेळी दुकानातून अ‍ॅडिटिव्हची (तेलात वरून मिसळायच्या द्रव्याची) बाटली आणून आत ओतणे ही पहिली चूक होय; कारण तेलात काही कमी पडण्यापेक्षा नको ते आत शिरल्याचीच शक्यता अधिक असते.

आपल्याकडे ते बहुधा पाणी असते. ब्रिदरमधून (हवा ये-जा करण्याच्या तोटीतून), गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून आणि झिजलेल्या सीलमधून ते शिरते. खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतातले पाणी खारे असल्याने बेअरिंग आणि व्हॉल्व्ह गंजण्याचा धोका आणखी वाढतो. तेल ताकासारखे पांढुरके दिसले, की ते काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे : केवळ फेस असेल तर तो विरतो, पाणी मिसळलेले असेल तर दुधटपणा राहतो. तापलेल्या तव्यावर थेंब टाकल्यास पाण्याचा अंश असलेले तेल तडतडते (तवा मात्र स्वयंपाकघरातला नसावा). रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा ड्रेन प्लग (तेल काढायचे बूच) सकाळी किंचित सैल केला, तर तळाशी साठलेले पाणी आधी बाहेर येते. पाणी आढळल्यास कोणतेही अ‍ॅडिटिव्ह उपयोगाचे नाही; तेल बदलावे आणि पाणी शिरण्याची वाट बंद करावी.

फेस असेल, तर तेलाची पातळी कमी आहे का आणि पंपाकडे जाणाऱ्या सक्शन पाइपाच्या सांध्यातून हवा ओढली जाते का, हे पाहावे. फेस मारणारे द्रव्य वरून टाकल्यास वरचा फेस दबतो, परंतु प्रमाण जास्त झाले तर तेलात अडकलेली हवा उलट सावकाश सुटते आणि घरघर कायम राहते. पातळी मोजताना ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद आणि लिफ्टचे हात पूर्ण खाली असावेत. हात वर असताना बरेचसे तेल सिलिंडरमध्ये असते, त्यामुळे डिपस्टिक खोटे सांगते.

निवडीतली मोठी चूक आकड्यांवरून होते. गिअर तेलावरचा ९० हा आकडा इंजिन तेलावरच्या ५० पेक्षा मोठा, म्हणून ते कितीतरी घट्ट, असे मी स्वतः बरीच वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात या दोन मोजपट्ट्याच वेगळ्या असून ९० चे गिअर तेल साधारण ४० ते ५० च्या इंजिन तेलाइतकेच घट्ट असते. हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावरील आयएसओ व्हीजी ६८ मधला ६८ हा तर ४० अंश सेल्सिअसला मोजलेला घट्टपणा आहे, म्हणजे तिसरीच पट्टी.

अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक हे सारे एकाच तेलावर चालतात. अशा ट्रॅक्टरला यूटीटीओ (या सर्व भागांना चालणारे ट्रॅक्टरचे सामाईक तेल) प्रकारचे तेल लागते, कारण ब्रेकच्या चकत्यांना घर्षण नेमके हवे असते : साधे गिअर तेल घातल्यास ब्रेक कर्कश वाजतात, आणि घर्षण घटवणारे अ‍ॅडिटिव्ह घातल्यास ते घसरतात. जीएल-५ (जास्त दाबाच्या गिअरांसाठीच्या) दर्जाच्या गिअर तेलातील काही रसायने पितळ व कांस्याच्या भागांना बाधू शकतात. उरलेले इंजिन तेल वापरणेही टाळावे. त्यातील घटक पाणी तळाशी बसू न देता धरून ठेवतात. हायड्रॉलिकची टाकी वेगळी असलेल्या ट्रॅक्टरचा नियम वेगळा, तो पुस्तिकेतच पाहावा.

गळती थांबवणाऱ्या द्रव्याने सील फुगतात आणि पुढे मऊ पडतात. लिफ्ट आपोआप खाली बसत असेल, तर पिस्टनची रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह तपासावा लागतो; तेल घट्ट करून ही झीज भरून निघत नाही.

पाणी लागलेले तेल बदलताना गाळणीही धुवावी, लिफ्ट काही वेळा विनाभार वरखाली करून पातळी पुन्हा पाहावी, आणि तेल पुन्हा दुधट झाले तर दुसऱ्यांदा बदलावे, कारण सिलिंडर व पाइपांत जुने थोडे उरतेच.