गेम खेळणाऱ्याला भेट देताना

आधी कन्सोलचं, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राचं, नेमकं मॉडेल विचारा. नुसतं ‘प्लेस्टेशन आहे’ एवढ्यावर खरेदी करू नका. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल एडिशनला डिस्क ड्राइव्ह मुळात नसतोच, त्यामुळे तिथे डिस्क नुसती कपाटात पडून राहते. खात्री होत नसेल तर कन्सोलला डिस्क घालायची फट आहे का, ते बघा. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर ५ ला जोडता येतो, पण त्यावर ५ चे गेम चालत नाहीत. निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलला साठवणीसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. घरातलं जुनं साधं कार्ड गेम साठवायला चालत नाही.

गेम विकत घ्यायचं गिफ्ट कार्ड घ्याल तर खेळणाऱ्याचं खातं ज्या देशाचं, त्याच देशाचं घ्या, नाहीतर कोड स्वीकारलाच जात नाही.

लहान मुलांसाठी वेष्टनावरचं वय नक्की पाहा. युरोपात गेमसाठी वय ठरवणाऱ्या पेगी या पद्धतीचे आकडे ३, ७, १२, १६, १८ असे असतात. मात्र ते गेममध्ये काय दाखवलंय त्याबद्दल आहेत, अवघडपणाबद्दल नाहीत: ३ लिहिलेला फुटबॉलचा गेम पाच वर्षांच्या मुलाला झेपेलच असं नाही. त्याला दोघांनी शेजारी बसून खेळायचा गेम आणि जोडीला दुसरा कंट्रोलर द्या. आमच्या मते याहून चांगली भेट नाही. आजी-आजोबांना कोडी किंवा मोठ्या अक्षरांचे गेम बरे.