धरणाची सुरुवात कोअरच्या पेटीपासून

भाच्याला हिमालयातल्या एका जलविद्युत प्रकल्पावर नोकरी लागली. निघायच्या आदल्या रात्री बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला आणि म्हणाला, "मावशी, तिथे गेल्यावर आधी काय बघू?" मी इथल्याच सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्र शिकले, पुढची सगळी नोकरी धरणांच्या जागी खडक वाचण्यात गेली. त्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

भिंत सगळ्यात शेवटी बघ. आधी नदीच्या रोजच्या प्रवाहाच्या नोंदी काढ, 25-30 वर्षांच्या तरी. सेकंदाला 1 घनमीटर पाणी 100 मीटरवरून पडलं की टर्बाइन-जनित्रातली घट वजा जाता साधारण 850 किलोवॅट वीज मिळते. बाकी सारं पाणी किती आणि उंची किती, यावर. पावसाळ्यातलं पाणी हिवाळ्यातल्या मागणीसाठी धरून ठेवायचं, म्हणून साठा.

पण सगळा साठा वापरायचा नसतो. उत्तराखंडातल्या टिहरी धरणाचा एकूण साठा 3540 दशलक्ष घनमीटर, त्यातला वापरण्याजोगा 2615. पातळी 830 मीटरवरून 740 पर्यंतच उतरवायची, त्याखालचा मृतसाठा, त्यात गाळ साचतो. गाळाचा अंदाज मात्र पुरातच घे. वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या पुरांत येतो, आणि नेमक्या त्याच दिवशी नमुना घ्यायला कोणी काठावर जात नाही.

आता खडक. दोन्ही काठांवर आणि पात्राखाली बोअर घेतात, डोंगरात आडव्या सुरंगा खणतात. बोअरमधून निघालेला कोअर, म्हणजे खडकाचा लांब गोल दांडा, पेटीत ओळीने लावतात. दर रनमधले, म्हणजे एका खेपेला ड्रिलने काढलेल्या लांबीतले, 10 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकडे मोज, त्यांची बेरीज रनच्या लांबीशी ताड. 75 टक्क्यांच्या वर चांगला खडक, 25 च्या खाली अगदी वाईट. भोकात दाबाने पाणी सोडूनही बघतात. 10 बार दाबाला दर मीटरमागे मिनिटाला 1 लिटर पाणी खडक प्यायला, तर 1 ल्युजॉन, हे गळतीचं माप. पायाखालचा ग्राउटचा पडदा, म्हणजे फटींत सिमेंटचं पातळ मिश्रण भरून केलेली आड, किती खोल न्यायचा ते यावरून ठरतं.

सगळ्यात मोलाचा असतो पेटीतला रिकामा भाग. कोअर हाती लागला नाही, म्हणजे तिथे चुरा, चिकणमाती किंवा पोकळी. एका कामावर ड्रिलिंगवाल्यांनी पेटी भरलेली दिसावी म्हणून तुकडे सरकवून जागा बुजवली होती. दुसरं बोअर घेतलं तेव्हा त्याच खोलीला चिरडलेल्या खडकाचा पट्टा निघाला. तेव्हापासून ड्रिल चालू असताना मी स्वतः उभी राहायची. तूही राहा, थंडी असली तरी.

खडक कळला की धरणाचा प्रकार ठरतो. टिहरीत भूकंपप्रवण भागात मधोमध चिकणमातीचा गाभा असलेलं दगडमातीचं 260.5 मीटरचं धरण घातलं. आपलं कोयनेचं धरण बेसॉल्टवर बसलेलं, काँक्रीटचं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात भिंतीचा उतार बदलतो तिथे त्याला तडे गेले आणि पुढे भिंतीला आधार द्यावा लागला. नदी वळवायच्या बोगद्यांचं, कॉफर डॅमचं (बांधकामापुरत्या तात्पुरत्या बांधाचं) काम तिथले लोक शिकवतील.

काठाचे डोंगर मात्र तुझेच. इटलीतल्या वायोंतला 262 मीटरची भिंत उभीच राहिली. 9 ऑक्टोबर 1963 ला डोंगराची कड जलाशयात कोसळली, लाट भिंतीवरून गेली आणि सुमारे 2000 माणसं गेली. डोंगर सरकतोय हे आधीपासून मोजलं जात होतं. टिहरीच्या काठच्या काही गावांतही घरांना तडे गेलेत. म्हणून बुडीत क्षेत्राची यादी पाण्याच्या रेषेपाशी थांबवू नकोस, वरची घरंही त्यात धर. त्या घरांत स्वतः जा, जलाशय पूर्ण भरल्यावरची पातळी दाखवणारा दगड कुठे येणार ते आजीबाईंनाही दाखव. पुनर्वसनाची जमीन, शाळा, पाणी तयार झाल्याशिवाय नदी वळवलेल्या बोगद्याचं दार बंद करून पाणी साठवायला होकार देऊ नकोस. पाण्याखाली गेलेलं जुनं टिहरी शहर ज्यांचं होतं त्यांच्याशी मी बोलले आहे.

पाणी टप्प्याटप्प्याने चढव. प्रत्येक टप्प्यावर थांबून पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण), काठावरचे सर्वेक्षणाचे खांब, धरणाच्या आतल्या गॅलरीतली गळती मोज. गळती वाढणं एक वेळ समजून घेता येतं. पण पाणी गढूळ झालं, तर पायातली किंवा गाभ्यातली माती वाहते आहे. तेव्हा भरणं थांबव आणि रात्रीचे दोन असले तरी वरिष्ठांना उठव.