कामगारांच्या पाठीशी उभं राहताय? मग या चुका टाळा

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ठेकेदाराकडं राबणाऱ्यांचा पगार थकला, की गल्लीतलं तालीम मंडळ, बचत गटाच्या बायका, शेजारीपाजारी चटकन गोळा होतात. कोल्हापूरची ही रग मला मनापासून आवडते. पण तिच्या भरात घाई होते आणि ती कामगाराच्या अंगाशी येते.

सगळ्यात महाग पडते ती सामूहिक रजा. "संप नको, सगळे मिळून एक दिवस रजा टाकूया," असं कुणीतरी सुचवतं आणि सगळ्यांना पटतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मात्र 50 टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तो संपच धरला जातो. संपाला 14 दिवस आधी नोटीस लागते. ती नसली की संप बेकायदा. मग थकलेला पगार राहतो बाजूला आणि जाब कामगारालाच विचारला जातो. अशी रजा होऊन गेली असेल तर दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर व्हा. पुढं केलेल्या कोऱ्या कागदावर किंवा माफीनाम्यावर सही करू नका. नोटीस आली तर युनियनला किंवा कामगार वकिलाला दाखवूनच लेखी उत्तर द्या.

दुसरी चूक पुराव्याची. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते आणि भांडण झालं की ती वही सापडत नाही. म्हणून मोर्चाच्या आधी घरात एक वही सुरू करा: तारीख, कितीला आत गेलो, कितीला सुटलो, मोल्डिंगला (साचे बनवायला) होतो की फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला). ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, त्यामुळं एकेका तासाला किंमत आहे. सोबत पगार चिठ्ठी, बँक पासबुक आणि पीएफचं पासबुक ठेवा. पीएफ कापला तर तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. चिठ्ठीवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, हा पुरावा दहा भाषणांपेक्षा जड आहे. जुनी थकबाकीही सोडून देऊ नका, वेतन संहितेत दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे.

अर्जात फक्त ठेकेदाराचं नाव घालू नका. तो म्हणतो वरनं बिल आलं नाही, कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही. ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, तेव्हा दोघांनाही धरा. सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला, की आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर काहीच दिलं नाही असं समजा.

आणखी एक, आणि हे मला फार लागतं. आपण कामगारांच्या वतीनं इतकं बोलतो, की त्यांचंच बोलणं राहून जातं. बिहार-ओडिशातून आलेली पोरं मराठी बैठकीत मान डोलावतात आणि उठून जातात. त्यांची खोली ठेकेदाराचीच असेल, तर बोलल्यावर रात्री झोपायचं कुठं हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यांच्याशी हिंदीत, खोलीपासून लांब बोला. त्यांना विचारल्याशिवाय फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्या एका फोटोवरून माणूस दुसऱ्या दिवशी गेटवर अडवला जाऊ शकतो.

कामगारांसाठी वर्गणी काढलीत, तर तिचा हिशोब दोघांनी मिळून ठेवा आणि दर आठवड्याला वाचून दाखवा.

पगार थकल्यावर माणूस पहिल्यांदा वाकतो तो किराणा दुकानाच्या उधारीपुढं, साहेबापुढं नंतर. म्हणून पहिल्या बैठकीत घोषणा ठरवण्याआधी एकेकाला विचारून घ्या: घरात किती दिवसांचं धान्य आहे, खोलीभाडं कधी द्यायचंय, पोराची फी राहिलीय का. ती यादी करा आणि त्या संध्याकाळीच कुणी काय उचलायचं ते वाटून घ्या.