दवाखान्यात संवादी एआय वापरताना
संवादी एआय, म्हणजे माणसाशी प्रश्नोत्तरे करणारी संगणक प्रणाली, दवाखान्यात आणायचे ठरले, की सुरुवात निदानापासून नव्हे, तर तपासणीपूर्वीच्या विचारपूसीपासून करावी. रुग्ण आपल्या पाळीची वाट पाहत असतानाच तक्रार कधीपासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे विचारून प्रणालीने पाच-सहा ओळींचा गोषवारा तयार ठेवला, तर डॉक्टरांची नजर पडद्याऐवजी रुग्णाकडे राहते. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक जीभ जड होणे अशी उत्तरे येताच संवाद तिथेच थांबून परिचारिकेला सूचना जाईल, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल तर प्रणाली सुरूच करू नये.

गोषवारा डॉक्टरांनी स्वतः वाचून, दुरुस्त करूनच नोंदीत घ्यावा, कारण रुग्णाने न सांगितलेली गोष्टही ही प्रणाली बिनदिक्कत लिहून मोकळी होते. औषधाची मात्रा तर एककासह तपासावी: थायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाचे ५० मायक्रोग्रॅम चुकून ५० मिलिग्रॅम लिहिले गेले, तर मात्रा हजारपट होते.

आपण यंत्राशी बोलत आहोत, हे रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घ्यावी. कारण यंत्रापाशीही माणूस सहज मोकळा होतो: १९६६ मधील संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांच्या एलायझा या अगदी साध्या संवादी प्रोग्रॅमपाशीही लोक मन मोकळे करू लागले होते.