पूर्वज शिलेदार की बारगीर? कागदातून कसं ओळखायचं

धुळ्यात मी लोकांचे मोडी कागद वाचून देतो. रुमालाची गाठ सुटायच्या आत समोरचे आबा सांगून मोकळे होतात, "आमनं घर शिलेदारनं शे!" असेलही. पण आडनावावरून ते ठरत नाही. कागदात घोडा कोणाचा, ते आधी शोधायचं.

मराठ्यांच्या घोडदळात भरती दोन तऱ्हेची. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला राहिला तो शिलेदार. सरकारी पागेतला, म्हणजे सरकारच्या तबेल्यातला, घोडा ज्याला मिळाला तो बारगीर. बारगीर म्हणजे हलका, हा समज मनातून काढून टाका. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता. 25 बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीला पाणी पुरवणारा पखालजी आणि घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद. शिलेदारांनाही त्यांनी पागेच्याच हुकमतीत ठेवलं. शिलेदाराचं पोट मात्र त्या एका जनावरावर. लढाईत घोडा पडला की चाकरी तरी जायची, नाहीतर दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसायची पाळी यायची. म्हणून एका कागदात शिलेदार दिसलेलं नाव पुढच्या कागदात बारगीर दिसलं, तर वाचणाऱ्याला दोष देऊ नका.

पेशवाईतल्या कागदात 'नालबंदी' शब्द सापडला तर थांबा. मोहिमेआधी शिलेदाराला तयारीसाठी उचल मिळे, ती ही. 'पागा', 'पागेकडील' असं आलं तर बारगिराकडे कल धरा. मग 'चेहरा' बघा. भरतीच्या वेळी माणसाच्या आणि घोड्याच्या खुणा लिहून घेत, म्हणजे हजिरीला भलताच माणूस किंवा मरतुकडं तट्टू उभं करता येऊ नये. कुमैत, अबलख, पंचकल्याण हे घोड्याच्या रंगाचे आणि खुणांचे शब्द अडले तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जा. तिथले व्यापारी नुसतं बोट दाखवून समजावतात. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, तेव्हा नाव दोन-तीनदा ताडून घ्या.

सालाचा घोटाळा नेहमीचा. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे 6, 70, 100 आणि 1000, मिळून 1176. अरबी आकड्यांत लिहिलेलं हे साल सुहूर सनाचं, ते मृगाला सुरू होतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे हा कागद 1775-76 चा.

खानदेश 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. त्यानंतरचा कागद असेल तर जपून. त्यांच्या काही रिसाल्यांनीही, म्हणजे घोडदळाच्या पलटणींनीही, शिलेदारी पद्धत ठेवली होती, ती पहिल्या महायुद्धानंतर मोडली. त्यात 'असामी' म्हणजे रिसाल्यातली जागा, आणि ती मिळवायला शिपायाला पदरचे पैसे भरावे लागत.

कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. सपाट ठेवून दिवसाउजेडी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठीवरचा शेरा पुष्कळदा पुढच्या मजकुराइतकाच कामाचा निघतो. वाचणारं कोणी जवळ नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा.