पिएर रॉबिनची बाळं: नवीन रेसिडेंटसाठी थोडं
पिएर रॉबिन म्हणजे जन्मतःच खालचा जबडा लहान, जीभ मागे पडलेली, बऱ्याचदा टाळूही फाटलेली, हे तुम्हाला पाठ असणारच. पण एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) उभं राहिलं की नजर आधी मॉनिटरवर जाते आणि नेमकं तिथेच फसायला होतं. मी तरी पुरती फसले होते.

बाळाला नाकाने थोडा ऑक्सिजन चालू असेल तर सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९७ टक्के दिसतं आणि आत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साचत असतो. ऑक्सिजनने श्वासाचा रस्ता उघडत नाही, नुसता आकडा सुधारतो. म्हणून कॅपिलरी गॅस (टोचून घेतलेल्या थोड्याशा रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवा आणि बायकार्ब (सीओटू बरेच दिवस साचला की रक्तात वाढणारा क्षार) बघाच, कारण सुई टोचल्यावर बाळ जोरात रडलं की सीओटू तेवढ्यापुरता खाली येऊ शकतो, बायकार्ब असा मिनिटात हलत नाही, तो चढलेला असेल तर हे दुखणं आजचं नाही. दुसरं म्हणजे आवाज. घरघर थांबली की सगळे खूश, पण रस्ता पूर्ण बंद झाला तरी आवाज थांबतोच ना! छाती आत ओढली जातेय का बघा, नाकाखाली कापसाचा धागा धरा, हलत नसेल तर पळा. आणि हे सगळं बाळ झोपलेलं असताना.

घाबरू नका, बऱ्याच बाळांचं पोटावर झोपवून किंवा नेझोफॅरिंजियल एअरवेवर (नाकातून घशापर्यंत घातलेल्या नळीवर) भागतं. नाही भागलं तर डिस्ट्रॅक्शन, म्हणजे जबडा हळूहळू लांबवायची शस्त्रक्रिया: दोन्ही बाजूंनी हाड कापायचं, डिव्हाइस लावायचं, रोज साधारण १ ते २ मिमी फिरवायचं, मग नवीन हाड घट्ट होईपर्यंत काही आठवडे थांबायचं. दातांचे कोंब आणि नस तिथेच असतात, त्यामुळे सीटी नीट बघूनच कट ठरवा. पण त्याआधी स्कोप (श्वासाच्या रस्त्याची दुर्बिणीने तपासणी) झालाच पाहिजे. खाली सबग्लॉटिक स्टेनोसिस (स्वरयंत्राच्या खाली श्वासाचा रस्ता अरुंद) असेल तर जबडा कितीही पुढे आणा, श्वास अडणारच. सेंट्रल ॲप्निया (मेंदूकडूनच श्वासाचा इशारा न येणं) असेल तरी तेच.

माणसाच्या जबड्यावरच्या डिस्ट्रॅक्शनच्या केसेस अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅकार्थींनी छापल्या १९९२ मध्ये, म्हणजे हे शास्त्र तसं नवंच, सिनियर लोक आपसात भांडतात ते त्यामुळेच, तुम्ही गोंधळलात तर काही बिघडलं नाही. फक्त ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालणं) म्हणजे हार असं मानणाऱ्या सरांपासून जरा लांब राहा. व्हिडिओ बघून कट शिकता येतो, पण बाळ कधी थकतंय हे नाईटच्या सिस्टरांना विचारा. आणि डिव्हाइस कुठल्या दिशेला फिरवायचं त्याचा बाण काढून कागद पाळण्याला चिकटवा, फिरवलं की लगेच वेळ आणि सही, नंतर लिहू म्हणायचं नाही.