फायटर पायलट व्हायचंय? मग घरालाही तयारीत घ्या

हवाई दलात माझी सुरुवात मिग-२१ वर झाली, पुढे सुखोई-३० उडवलं. लग्न, दोन मुली, गावाकडचे आई-वडील हे सगळं त्याच नोकरीत सांभाळलं. आता शाळा-कॉलेजांत बोलायला जातो, तेव्हा मुलं वेग विचारतात, क्षेपणास्त्रं विचारतात. सोबत आलेल्या आई-वडिलांना मात्र वेगळंच जाणून घ्यायचं असतं. या नोकरीत संसार नीट होतो का? होतो, आणि चांगला होतो. पण त्यासाठी पायलटइतकीच तयारी घरालाही करावी लागते, आणि ती कशी करायची हे कुठल्याच अकादमीत शिकवत नाहीत. म्हणून हे लिहितोय.

आत शिरण्याची वाट आधी थोडक्यात. बारावीला गणित आणि फिजिक्स हवंच. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. निवड झाली की तीन वर्षं खडकवासला, मग हैदराबादजवळ दुंडीगलची एअर फोर्स अकादमी. पदवीनंतर यायचं तर सीडीएस किंवा ॲफकॅट या प्रवेश परीक्षा. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून याच कामासाठी उभी आहे, तिचा फायदा घ्या. मुलींनाही आता दार उघडं आहे. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह २०१६ मध्ये फायटरच्या पहिल्या महिला पायलट झाल्या आणि २०२२ पासून एनडीएतही मुली आहेत.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. निवडीच्या वेळी सीपीएसएस ही संगणकावरची पायलट अभिक्षमता चाचणी होते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलट होण्याचा रस्ता तिथेच बंद. त्यामुळे ‘बघू या जमतंय का’ म्हणून जाऊ नका, नीट झोप घेऊन, डोकं शांत ठेवून जा. दुसरी गोष्ट शरीराची. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागतेच, शिवाय पायांची, मांडीची आणि बसलेल्या अवस्थेतली उंचीही मोजतात. कॉकपिटात मावायला हवं आणि इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात सीटसकट विमानाबाहेर फेकलं जाताना, गुडघे समोरच्या पॅनेलला न आपटता बाहेर पडायला हवेत, म्हणून हे मोजमाप. मांडी लांब भरली म्हणून नाकारलेली अतिशय हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यात त्यांचा काही दोष नसतो.

प्रशिक्षणात लग्न करता येत नाही. केलंत तर काढून टाकतात आणि खर्चही वसूल करतात. पहिला टप्पा पिलाटस विमानावर झाला की फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. फायटरवाले पुढे बीदरला हॉक या प्रशिक्षणाच्या जेट विमानावर जातात. ज्यांना फायटर मिळत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सियाचिनला रसद पोहोचवणारा हेलिकॉप्टर पायलट माझ्या लेखी कुणापेक्षाही कमी नाही.

आता खऱ्या कामाकडे येतो. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत शरीरावर येणारा भार. तो काय असतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. सहा जीच्या वळणात ७० किलोच्या माणसाचं वजन ४२० किलो होतं. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, आधी रंग फिके होतात, मग नजर कडेकडून मिटत जाते. पोटाला आणि पायांना आवळणारा जी-सूट थोडी मदत करतो, बाकी काम तुमचं. मांड्या, पोट, पार्श्वभाग घट्ट आवळायचा, श्वास कोंडून धरायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा भरायचा. हे करत असतानाच मान वळवून मागे शत्रूचं विमान शोधायचं, रेडिओवर बोलायचं, इंधन बघायचं. उतरल्यावर ओव्हरऑल पिळून निघेल इतकं भिजलेलं असतं. मानेचं आणि कमरेचं दुखणं बहुतेकांना लागतं, म्हणून मानेचे व्यायाम पहिल्या वर्षापासून करा, तिशीची वाट पाहू नका.

सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, साधारण पाऊण-एक तासाची असते. तिच्याआधी ब्रीफिंग आणि नंतर डीब्रीफ, म्हणजे काय चुकलं-जमलं याची चर्चा. डीब्रीफ बऱ्याचदा सॉर्टीपेक्षा लांबतो. तिथे हुद्दा बाजूला ठेवतात. नवा फ्लाइंग ऑफिसरसुद्धा सीओला, म्हणजे स्क्वाड्रनच्या प्रमुखाला, सांगू शकतो की, सर, त्या वळणात तुम्ही मला दिसेनासे झालात. मला हवाई दलातली ही सवय सगळ्यात मोलाची वाटते. ती घरी आणता आली तर फार चांगलं. आमच्याकडे रविवारी जेवण झाल्यावर बायको आणि मुली आठवड्यात काय खटकलं ते मोकळेपणी सांगायच्या आणि मी मधे न बोलता ऐकायचो.

घराचा आणि उड्डाणाचा थेट संबंध आहे, हे नव्या पायलटांना सांगावं लागतं. मूल रात्रभर तापाने फणफणलं, तुमची झोप झाली नाही, तर सकाळी फ्लाइट कमांडरला सांगा, ‘सर, आज मी उडायला फिट नाही.’ चांगल्या स्क्वाड्रनमध्ये याला कुणी नावं ठेवत नाही, नुसतं बोर्डावरचं नाव बदलतात. मिग-२१ उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असायचं, तिथे अर्धवट झोपेला जागाच नव्हती. नाइट फ्लाइंगच्या आठवड्यात सकाळी दहापर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही, बेल बंद ठेवायची, हा आमच्या घरचा नियम होता. धाकटी तीन वर्षांची असतानाही चवड्यांवर चालत जायची. बायकोने हे सगळं मनापासून केलं, कारण ते कशासाठी आहे हे तिला मी पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. गोपनीय असेल ते सांगायचं नाहीच. पण धोका काय असतो, इजेक्शन सीट कशी काम करते, हवामान बिघडलं तर काय करतो, हे सांगण्यात काहीच गैर नाही. माहिती नसलेल्या माणसाला जास्त भीती वाटते.

एअर फोर्स स्टेशनवर राहणाऱ्या बायकांचा कान विलक्षण तयार होतो. भाजी चिरता चिरता त्यांना कळतं की चार विमानं गेली आणि तीनच परतली. उड्डाणं अचानक थांबली, सगळं आभाळ गप्प झालं, की कॉलनीतली दारं उघडायला लागतात. कुणी काही बोलत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं, रनवेवर पक्षी आले किंवा एखाद्या विमानाचा टायर फुटला. पण नेहमीच नाही. मी मित्र गमावले आहेत. त्या घराच्या दारात सीओ युनिफॉर्ममध्ये, सोबत डॉक्टर आणि सीओंची पत्नी, असे उभे राहिलेले मी पाहिले आहेत. त्यानंतर पुढचे कित्येक दिवस त्या घराची चूल कॉलनीने पेटू दिली नाही, डबे येत राहिले, मुलांचा गृहपाठ शेजारी झाला. हा आधार खरा असतो. पण तो मिळायचा तर आपणही इतरांच्या घरी त्याच तत्परतेने उभं राहिलेलं असावं लागतं.

म्हणून कागदपत्रं. लग्न झालं, मूल झालं, की त्याच महिन्यात सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करा. ग्रुप इन्शुरन्स, भविष्यनिर्वाह निधी, बँक, सगळीकडचं नॉमिनेशन तपासा. पुष्कळांच्या कागदांवर लग्नानंतर कित्येक वर्षं आईचंच नाव राहतं, आणि मग दुःखात असलेल्या सासू-सुनेमध्ये नको तो ताण येतो. मृत्युपत्र करा. जोडीदाराला बँकेचं काम येऊ द्या. अशुभ बोलू नये म्हणून हा विषय टाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, टाळू नका.

बदल्या दर दोन-तीन वर्षांनी होतात. आमच्या मुली पंजाब, आसाम, राजस्थान अशा फिरल्या. केंद्रीय विद्यालयामुळे अभ्यासक्रम तोच राहतो, मैत्रिणी मात्र तुटतात, आणि दहावी-बारावीच्या वर्षी बदली आली तर कुटुंब मागे ठेवून एकट्याने जावं लागतं. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव आणि हुद्दा लिहिलेला असतो. मुलींचीही एकेक छोटी ट्रंक होती, तिच्यात काय जाणार हे त्यांनीच ठरवायचं. थोरलीने एकदा पठाणकोटच्या अंगणातले गोटे भरून आणले आणि आम्ही ते पुढच्या प्रत्येक घरी नेले. आई-वडिलांना वर्षातून एकदा तरी आपल्याकडे बोलवा, त्यांना आपलं स्टेशन पाहू द्या. माझ्या वडिलांची धास्ती तेव्हाच गेली.

शेवटी पैशाचं आणि पुढचं. लेव्हल १० या सुरुवातीच्या वेतनश्रेणीत मूळ पगार महिना ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० रुपये आणि फ्लाइंगचा वेगळा भत्ता. घर नीट चालतं. पण फायटर कायम उडवता येत नाही. ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यावर गेलात की टेबलाचं काम वाढतं आणि उड्डाणं कमी होतात. शॉर्ट सर्व्हिसमधून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीत, आलात तर १४ वर्षांनी बाहेर पडावं लागतं, पेन्शन नसते, आणि नेमकी तेव्हाच मुलं माध्यमिक शाळेत असतात. पुढे एअरलाइनमध्ये जायचं असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लायसन्सचे पेपर नोकरीत असतानाच, सुट्टीत बसून, एकेक करून सोडवत जा. शेवटच्या वर्षावर ठेवलेत तर घर हलवणं, मुलांचे प्रवेश आणि परीक्षा हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं.